विसावी पिन

दर महिन्याच्या 14 तारखेनंतर माझी मान दुखायला लागायची. त्या दिवशी जीएसटी पोर्टलवर 2बी तयार होतं, म्हणजे आमच्या पार्टीला (ज्याचे हिशोब मी बघतो त्या व्यापाऱ्याला) माल विकणाऱ्यांनी कोणकोणती बिलं दाखवली त्याचा उतारा. आणि 20 तारखेला 3बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायचं असतं. मधल्या पाच-सहा दिवसांत 2बीची एक्सेल आणि पार्टीचं खरेदी रजिस्टर समोरासमोर ठेवून बिल न बिल ताडायचं, हा माझा धंदा. समोरासमोर म्हणजे कसं, तर ऑल्ट-टॅब, ऑल्ट-टॅब. इकडचा बिल नंबर डोक्यात धरायचा, तिकडे जायचं, तिथं पोचेपर्यंत शेवटचे दोन आकडे विसरायचे, परत यायचं. हे सगळं एका मॉनिटरवर. दुकानदाराने 22 इंची म्हणून दिलेला, टेपने मोजला तर साडेएकवीस भरला.

रात्री याच खुर्चीत मी गेम खेळतो. वय अडतीस आहे, लपवण्यासारखं काही नाही. एज ऑफ एम्पायर्स 1997 साली आला तेव्हा मी शाळेत होतो. पुढे सायबर कॅफेत तासाच्या भावाने त्याची चटक लागली, ती अजून सुटलेली नाही. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर जोडून घेतला तो दांडगा घेतला: इंटेलचा आय5 12400एफ प्रोसेसर आणि आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर मात्र तोच जुना, साठ हर्ट्झचा. घोडा घेतला आणि टांग्याला जुंपला. कार्ड सेकंदाला दीडशे चित्रं काढायचं आणि मॉनिटर त्यातली साठच दाखवायचा.

मे महिन्यात ठरवलं, नवा मॉनिटर घ्यायचा आणि जुना शेजारी ठेवायचा. नवीन घेऊन जुना ओएलएक्सवर काढणं हा पर्याय होता, पण जुन्याला मिळाले असते फार तर दोन हजार, आणि दोन हजारांत दुसरी स्क्रीन कुठे मिळते?

इंदूरमध्ये कॉम्प्युटरचं काहीही घ्यायचं तर पाय आपोआप आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे वळतात. एका गाळ्यातून दुसऱ्यात भाव विचारत फिरलो. प्रश्न एकच होता: 24 इंची फुल एचडी घ्यायचा की 27 इंची 1440पी, म्हणजे त्याहून जास्त ठिपक्यांचा. भाचा म्हणत होता, मामा, 24 घे, खेळायला तोच बरा. मी घरून हिशोब करून गेलो होतो. माझ्या जुन्या साडेएकवीस इंचीवर एका इंचात साधारण 102 पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, बसतात. 24 इंची फुल एचडीवर 92. आणि 27 इंची 1440पीवर 109. म्हणजे जुन्याच्या शेजारी 27 इंची ठेवला तर अक्षरांचा आकार जवळपास सारखा दिसणार. एक्सेलची खिडकी इकडून तिकडे सरकवली तर ती फुगणार नाही की आक्रसणार नाही. शेजारी-शेजारी मॉनिटर लावणाऱ्यांनी इंचाआधी हे गणित करावं. दिवसभर एका डोळ्याला बारीक टाइप आणि दुसऱ्याला ठसठशीत, हा त्रास सवयीने जात नाही.

27 इंची, आयपीएस पॅनेल, 165 हर्ट्झ, 16,800 रुपये. बिल हातात आल्यावर आधी एचएसएन कोड, म्हणजे वस्तूचा जीएसटीतला नंबर, बघायची खोड आहे. 8528, जीएसटी 18 टक्के, बरोबर होतं. दुकानातच चालू करून घेतला आणि पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग एकामागून एक पूर्ण स्क्रीनवर लावून बघितले. मेलेला पिक्सेल असला तर तो असा लगेच उघडा पडतो. दुकानदार म्हणाला, “भिया, आप तो दुल्हन देखने आए हो.” म्हटलं, बघून दे, घरी गेल्यावर तू ओळख दाखवणार नाहीस.

घरी आणला आणि पहिलीच ठेच लागली. 3060च्या पाठीला बहुतेक कार्डांवर असतात तशी मॉनिटर जोडायची तीन डिस्प्लेपोर्टची तोंडं आणि एचडीएमआयचं एकच. नव्या मॉनिटरच्या खोक्यात केबल निघाली एचडीएमआयची. जुन्या मॉनिटरला एचडीएमआय आणि व्हीजीए, बस. दोघांना एकच तोंड हवं. मग दिसलं की कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला, मदरबोर्डवर, आणखी एक एचडीएमआय आहे. वा! जुना तिथं खुपसला. ‘नो सिग्नल’. केबल उलटसुलट केली, बायोसमध्ये जाऊन ग्राफिक्सची सेटिंग्ज धुंडाळली. तासाभराने लक्षात आलं की प्रोसेसरच्या नावातल्या ‘एफ’चा अर्थच हा आहे, आत स्वतःचं ग्राफिक्स नाही. मदरबोर्डवरचं ते तोंड माझ्या कॉम्प्युटरसाठी भिंतीवर रंगवलेलं दार होतं. घेताना एफवाला दीड हजाराने स्वस्त म्हणून मीच घेतला होता.

आता दोन वाटा होत्या. एक, जुन्या मॉनिटरसाठी डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय करणारा छोटा कन्व्हर्टर. दोन, नव्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्टची केबल आणि जुन्याला कार्डावरचं एचडीएमआय. भाचा म्हणाला, दुसरंच कर, कारण तुझ्या मॉनिटरचं एचडीएमआय 1440पीला 144पर्यंतच जातं, डिस्प्लेपोर्टवर पूर्ण 165 मिळेल. त्याचं म्हणणं खरं होतं. 165चे पैसे दिलेत तर 144वर का थांबायचं, या हिशोबाने मी ऑनलाइन 249 रुपयांची, नाव-गाव नसलेली डिस्प्लेपोर्ट केबल मागवली. चार दिवसांनी आली, लावली, दोन्ही स्क्रीन उजळल्या. विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलं. मी खूश.

खूश होतो ते अकरा दिवस. मग एका रविवारी भाचा माझ्या खुर्चीत बसला, माउस दोनदा गोल फिरवला आणि म्हणाला, “मामा, हे साठवरच चाललंय.” मी म्हटलं, शक्य नाही, केवढं गुळगुळीत वाटतंय बघ. त्याने सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, खाली ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ असं जाऊन दाखवलं. रिफ्रेश रेट: 60. तिथला आकडा आपण हाताने बदलेपर्यंत मॉनिटर साठवरच बसून राहू शकतो. त्याने 165 केलं, आणि तेव्हा कुठे मला कळलं गुळगुळीत म्हणजे काय ते. डेस्कटॉपवर नुसती खिडकी ओढली तरी फरक दिसत होता. अकरा दिवस मी लोकांना सांगत होतो की 165 हर्ट्झ म्हणजे काय चीज आहे!

आता मुख्य प्रकरण. 19 जूनच्या सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला नाही.

बटण दाबलं की पंखे अर्धा फेरा मारायचे आणि थांबायचे. परत दाबा, परत अर्धा फेरा. उद्या 20 तारीख, तीन पार्ट्यांचं 3बी बाकी, टॅलीचा सगळा डेटा याच डब्यात. उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये लेट फी. रक्कम मोठी नाही, पण ती पार्टीकडून मागायला तोंड लागतं. आदल्या रात्री पाऊस आणि दोनदा लाइट गेली होती, तेव्हा मी मनाशी निकाल लावून टाकला: डब्याला वीज पुरवणारं एसएमपीएस उडालं. सगळ्या वायरी काढल्या, कॅबिनेट ॲक्टिव्हाच्या पायाशी ठेवलं आणि रामबागेतून निघालो. गुडघ्यांत कॅबिनेट आणि वर बरसाती, असं राजवाड्याच्या गर्दीतून जाणं काय असतं ते केल्याशिवाय कळायचं नाही.

सिल्व्हर मॉलमध्ये दुरुस्ती करणारा एक माणूस आहे, गाळा एवढा लहान की गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. त्याने डबा टेबलावर घेतला, स्वतःची पॉवर केबल लावली, स्वतःचा मॉनिटर लावला, बटण दाबलं. विंडोज सुरू! माझ्याकडे बघून म्हणाला, “चल तो रहा है.” तासभर चालवून बघितला, रॅम काढून पुसून बसवली, 200 रुपये घेतले. मी परत राजवाड्यातून घरी. वायरी लावल्या, बटण दाबलं. अर्धा फेरा.

त्या संध्याकाळी मी घरातले सगळे प्लग बदलून पाहिले. भिंतीतल्या अर्थिंगवर संशय घेतला. बाबांनी सुचवलं की पावसाळ्यात डबा थोडा उन्हात ठेव, आणि जूनच्या त्या ढगांकडे पाहून स्वतःच गप्प झाले.

20 तारखेला सकाळी परत त्याच गाळ्यासमोर. आता तो हसला नाही. विचारलं, “घर पे क्या-क्या लगा है?” मी सांगितलं: यूपीएस, दोन मॉनिटर, कीबोर्ड, माउस, प्रिंटर. “नया क्या है?” नवा मॉनिटर, म्हटलं, पण तो तर तीन आठवडे बरा चाललाय. “तार साथ लाए हो?” तारा मी पिशवीत कोंबून आणल्याच होत्या, पहिल्या दिवसाच्या अपमानानंतर. त्याने त्यातून बरोबर डिस्प्लेपोर्टची केबल उचलली. मग खणातून मल्टिमीटर काढला आणि एक शिवणकामाची सुई. सुई एका प्रोबला चिमट्याने धरली, केबलच्या तोंडात अगदी कोपऱ्यातल्या शेवटच्या पिनेला टेकवली, दुसऱ्या टोकालाही तसंच. मीटर वाजला. पीं.

“ये नहीं बजना चाहिए,” तो म्हणाला.

मग समजलं ते असं. डिस्प्लेपोर्टच्या तोंडात 20 पिना असतात. विसावी पिन 3.3 व्होल्टच्या विजेची, ती कन्व्हर्टरसारख्या छोट्या वस्तूंना चालवायला. कार्डही तिच्यावर वीज देतं आणि मॉनिटरही देतो. म्हणून साध्या केबलमध्ये ही पिन दोन टोकांना जोडायचीच नाही, असं डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेनेच म्हटलेलं आहे. स्वस्तातल्या केबल बनवणारा विसाच्या वीस पिना इमानदारीत जोडून मोकळा होतो, म्हणूनच मीटर वाजला. मग कॉम्प्युटर बंद असताना मॉनिटर उलट्या बाजूने कार्डात वीज ढकलत राहतो. मदरबोर्डला कळेना, आपण जागे की झोपलेले, आणि तो उठायलाच नकार देतो. गाळ्यावर त्याची स्वतःची केबल होती, म्हणून तिथं डबा गुणी बाळासारखा चालला.

तीन आठवडे मग का चाललं? हे मला घरी येताना, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ सिग्नलला उभा असताना सुचलं. मला रात्री मॉनिटरचं बटण दाबून तो पुरता बंद करायची जुनी सवय. सकाळी आधी कॉम्प्युटर, मग मॉनिटर. नव्याचं बटण पाठीमागे आहे, चाचपडून सापडावं लागतं. तीन आठवडे ते इमानाने केलं, आणि 18 तारखेच्या रात्री कंटाळा करून मॉनिटर नुसता झोपेत सोडला. रात्रभर तो वीज ढकलत बसला. आणि 19 तारखेला गाळ्यावरून परत आलो तेव्हाही मॉनिटर जागाच होता, बटणाला हातच लावला नव्हता.

त्याच्याकडून 600 रुपयांची चांगली केबल घेतली. ती लावण्याआधी त्याने तिलाही सुई टेकवून दाखवली, मीटर गप्प. तपासणीचे पैसे घेतले नाहीत, कचोरीचे मी दिले. संध्याकाळी सात वाजता तिसरं 3बी गेलं.

याच्यावर एक हिशोब राहिलाच. साठ हर्ट्झवर एक चित्र 16.67 मिलिसेकंद टिकतं. 144वर 6.94. आणि 165वर 6.06. म्हणजे साठवरून 144वर जाण्यात दहा मिलिसेकंदांच्या आसपास कमाई आहे, ती डोळ्याला धडधडीत दिसते. 144वरून 165वर जाण्यात मिलिसेकंदाचे 0.88. कन्व्हर्टर घेऊन एचडीएमआयवर 144ला समाधान मानलं असतं, तर राजवाड्याच्या त्या खेपा वाचल्या असत्या. भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, पण मामा, 165 ते 165च.

मांडणीची गोष्ट वेगळीच. माझं टेबल आजोबांचं आहे, सागवानी, आणि त्याच्या मागच्या कडेला बोटभर उंचीचा काठ आहे, दौत मागे पडू नये म्हणून केलेला. मी जुन्या मॉनिटरसाठी टेबलाच्या कडेला अडकवायचा 1,900 रुपयांचा आर्म घेऊन ठेवला होता. मॉनिटरच्या पाठीला चार भोकं होती, 100 बाय 100 मिलिमीटरची, एम4चे स्क्रू बसले, सगळं जुळलं. पण आर्मचा शिकंजा त्या काठामुळे टेबलाला पकडेचना. सुताराला बोलावून काठाला खाच पाडू, असं मी जेवताना म्हणालो. बाबांनी ताटातून वर न बघता म्हटलं, “दुसरं टेबल घे.” आर्म अजून कपाटावर पडून आहे.

पहिल्या दिवशी दोन्ही मॉनिटर अगदी सारखे लावले, मधली फट बरोबर नाकासमोर. फोटोत छान दिसतं. दोन दिवसांत मान आधी दुखायची त्याहून जास्त दुखली, कारण सरळ बघण्यासारखं तिथं काही उरलंच नव्हतं. मग 27 इंची सरळ समोर घेतला आणि जुना उजवीकडे, थोडा आतल्या बाजूला वळवून. डावीकडे खिडकी आहे, दुपारी तिकडून ऊन येतं आणि काच आरशासारखी होते. उजवीकडे ठेवल्यावर जुना फारच ठेंगणा दिसायला लागला, म्हणून आईच्या नकळत स्वयंपाकघरातून दोन पाट आणले. एकावर एक. बरोबर उंची. आईने दोन दिवसांनी पाहिलं. “जेवायचे पाट आहेत ते,” म्हणाली. आपण सगळे टेबलावर जेवतो, मी म्हटलं. त्यावर तिने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं ती बघण्यासारखी होती.

सेटिंगमध्येही हीच मांडणी करावी लागते, हे पुष्कळांना माहीत नसतं. डिस्प्लेच्या पानावर दोन चौकटी दिसतात, 1 आणि 2. त्या ओढून, टेबलावर जसे मॉनिटर आहेत तशा ठेवायच्या. माझ्या एकाची उंची 1440 ठिपके आणि दुसऱ्याची 1080. म्हणजे 360 ठिपक्यांची भिंत शिल्लक राहते, माउस तिथं नेला की आपटून थांबतो. मी खालच्या कडा जुळवून घेतल्या, त्यामुळे भिंत सगळी वर गेली, जिथे माझं कामच नसतं. विंडोज आणि शिफ्ट धरून बाण दाबला की खिडकी उचलून दुसऱ्या मॉनिटरवर जाते. हे एक बोटांना शिकवलं की उरलेलं हळूहळू येतं.

आता उजवीकडे 2बी आणि समोर रजिस्टर. पहिल्या महिन्यात ताडणीचा वेळ किती वाचला ते मोजलं नाही, पण बिल नंबर डोक्यात धरून ठेवायचं काम संपलं, आणि थकवा खरा त्याचाच होता. मान नव्हेच.

रात्री उलट. समोर गेम, उजवीकडे डिस्कॉर्डवर खेळगड्यांशी गप्पा, आणि सामना असला तर क्रिकेट. एज ऑफ एम्पायर्समध्ये माउस कडेला नेला की नकाशा सरकतो. पण बॉर्डरलेस, म्हणजे बिनचौकटीच्या, खिडकीत गेम ठेवला तर उजवी कड ही कडच राहत नाही, माउस सरळ जुन्या मॉनिटरवर निसटतो. लढाई ऐन रंगात असताना माझा बाण विराट कोहलीच्या हेल्मेटवर फिरत होता, आणि क्लिक केल्यावर सामनाच थांबला. अशा खेळांत माउस खिडकीत अडकवून ठेवायचा पर्याय सेटिंगमध्ये शोधायचा. पूर्ण फुलस्क्रीन केलं तर माउस निसटत नाही, पण डिस्कॉर्डवर काही टाइप करायला गेलं की गेम खाली जाऊन बसतो. मी बॉर्डरलेस आणि अडकवलेला माउस यावर स्थिरावलो आहे. भाचा गोळीबाराचे खेळ खेळतो, त्याला हा प्रश्नच नाही, तिथं माउस मुळात गेमच्या ताब्यात असतो. तो उजवीकडचा मॉनिटर पुसून बंद करून ठेवतो. म्हणतो, लक्ष जातं.

यूपीएसबद्दल एकच. माझं 600 व्हीएचं आहे, म्हणजे जेमतेम 360 वॉट. 3060 एकटं भरात आलं की 170 वॉट खातं. म्हणून जुना मॉनिटर यूपीएसवर लावलेलाच नाही, सरळ बोर्डात आहे. लाइट गेली की उजवी बाजू अंधारते, समोरची राहते, आणि मी गेम सेव्ह करून गप उठतो.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आदल्या संध्याकाळी खोलीत आलो तर जुना मॉनिटर टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर बसला होता, चार इंच खाली, आणि दोन्ही पाट आतल्या खोलीत धुऊन पुसून, हळदीकुंकू लावून मांडलेले. तीन दिवस 2 नंबरची चौकट मी सेटिंगमध्ये खाली ओढून ठेवली. चौथ्या दिवशी आईने स्वतःच पाट आणून दिले. एकावर कुंकवाचं बोट तसंच आहे, पुसू नको म्हणाली.